एकशे दहा किलोंचे गुरुजी

माझं खरं वजन किती, या प्रश्नावर गेल्या हिवाळ्यात बेळगावपासून निपाणीपर्यंत मतभेद होते. घरचा काटा एक सांगत होता, कागद दुसरंच सांगत होता आणि संकेश्वरच्या एका गूळ व्यापाऱ्यानं छापलेल्या हँडबिलावर माझं वजन माझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत होतं. मी बेळगावच्या एका मराठी हायस्कुलात सव्वीस वर्षं गणित शिकवतो. उत्तरापुढं एकक लिहिलं नाही म्हणून मी मुलांचा अर्धा अर्धा गुण कापलेला आहे. अशा माणसाचं वजन चारचौघांत वादाला पडावं हा एक प्रकारचा न्याय असेलही, पण तो जरा जास्तच जाहीरपणे झाला.

मूळ गोष्ट साधी होती. माझी धाकटी मुलगी स्वराली आठ वर्षांची आहे आणि तिला थॅलेसेमिया आहे. तिच्या अंगात पुरेसं रक्त तयार होत नाही, दर तीन आठवड्यांनी बाहेरचं चढवावं लागतं. हा आजार आईबापांकडून येतो. माझ्यात आणि कल्याणीत त्याचा अर्धा अर्धा वाटा होता आणि दोघांनाही पत्ता नव्हता. आमच्या पत्रिकेतले छत्तीसपैकी एकतीस गुण जुळले होते, त्या एकतिसांत हे कुठंच नव्हतं. थोरल्या मधुवंतीचा बोन मॅरो तिला जुळतो असं बेंगळुरूच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आम्ही दोघं दवाखान्याच्या जिन्यात बसून रडलो. मग त्यांनी खर्च सांगितला, तेव्हा उठलेलो परत बसलो. माझा फंड, सोसायटीचं कर्ज, कल्याणीच्या पाटल्या, स्टाफरूमची वर्गणी, सगळं धरून दोन लाख कमी पडत होते, आणि फेब्रुवारीअखेर स्वरालीला भरती करायचं होतं.

अशा वेळी आशुतोषचा फोन आला. आशुतोष माझा जुना विद्यार्थी, आता पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत आहे.

"सर, आमच्या बॅचनं ठरवलंय. तुम्ही वजन कमी करा. जेवढे किलो उतरतील त्या प्रत्येक किलोमागं बॅचतर्फे अकराशे रुपये."

"अरे, द्यायचेच आहेत तर असेच दे की. माझ्या पोटाला कशाला मध्ये घेतोस?"

"असे मागितले की लोक एकदा देतात आणि विसरतात, सर. यात इंटरेस्ट टिकतो. रोज ग्रुपवर तुमची प्रगती टाकायची. शिवाय तुमच्या तब्येतीचंही भलं होईल."

माझ्या पोटाविषयी विद्यार्थी आपसांत बोलतात हे मला ठाऊक होतं. त्यावर रीतसर बैठक होऊन ठराव मंजूर झाल्याचं हे पहिलंच उदाहरण. पण गरज माझी होती, आणि गरजवंताच्या पोटाला मत नसतं. मी हो म्हणालो. अट एकच होती. सुरुवातीचं वजन अधिकृत हवं. म्हणजे कागदावर, तारीख आणि शिक्क्यासकट.

आम्ही पिरनवाडीच्या नव्या वसाहतीत राहतो. आमच्या शेजारी मारुतीराव राहतात, कोर्टातले निवृत्त बेलीफ. कागद हा शब्द त्यांच्या कानावर पडला की ते चप्पल घालूनच बाहेर येतात. "कागदाचं माझ्याकडं लागलं," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन एका सरकारी दवाखान्यात गेले. तिथला कारकून भला माणूस होता. त्यानं रजिस्टरं चाळून सांगितलं की वयाचा दाखला आहे, अपंगत्वाचा आहे, मयताचा आहे, पण नुसत्या वजनाचा दाखला द्यायची सोय नाही. "मयताच्यात वजन घालता येईल का?" असं मारुतीरावांनी विचारलं. मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

तिथून वजनमापांच्या ऑफिसात. तिथल्या साहेबांनी कानडीत समजावलं की आम्ही काटा बरोबर आहे याचं सर्टिफिकेट देतो, काट्यावर ठेवलेल्या वस्तूचं देत नाही. मारुतीरावांनी समन्स बजावतानाचा आवाज काढला आणि म्हणाले, "मग या माणसालाच काटा समजा की!" साहेब उठले, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "समजतो. पण शिक्का कुठं मारू?" ऑफिसातली सगळी माणसं माझ्या अंगावर जागा शोधू लागली, तेव्हा मी एकटाच रिक्षानं घरी आलो.

शेवटी मार्ग दाखवला तो गुंडूअण्णानं. हा कल्याणीचा थोरला भाऊ. उचगावला राहतो, ऊस लावतो आणि जगातल्या कुठल्याही काट्यावर त्याचा विश्वास नाही, एक सोडून.

"दाजी, ऊस घालणाऱ्या माणसाला इचारायचं सोडून हापिसं कशाला हिंडालायसा? कारखान्याच्या काट्यावर कोण इस्वास ठेवतंय? म्हणून आमी आदी आमच्या गावाकडच्या काट्यावर गाडी घालतो आन मग कारखान्याला नेतो. त्या काट्याची पावती म्हंजे देवाचा कौल. तारीक असती, टाइम असतोय, शिक्का असतोय."

हा काटा म्हणजे जमिनीत बसवलेला लोखंडी फलाट. त्यावर अख्खा ट्रॅक्टर उभा राहतो. मी एकटा उभा राहिलो तेव्हा आकडा हललाच नाही. काटा सांभाळणारा मष्णू म्हणाला, दोनशे किलोच्या खाली ह्यो दखलच घेत न्हाय. माझ्या आयुष्यात माझं वजन कमी पडल्याचा तो एकमेव प्रसंग. मग गुंडूअण्णानं युक्ती काढली. आधी मला बसवून ट्रॅक्टर मोजायचा, मग मला उतरवून रिकामा मोजायचा, आणि वजाबाकी करायची. उसाच्या गाडीचं असंच करतात. पहिल्यांदा मी ट्रॅक्टरवर बसलो, गुंडूअण्णा खाली उभा राहून तंबाखू मळत होता. दुसऱ्यांदा मी उतरलो आणि गुंडूअण्णा सवयीनं चढून स्टिअरिंगला बसला. माझं वजन तीस किलो भरलं.

"वाळलासा की दाजी, आत्ताच!" गुंडूअण्णा घाबरून ओरडला. त्या काट्यावर त्याचा तेवढा विश्वास होता. मी त्याला खाली उतरवून परत मोजायला लावलं. या वेळी एकशे दहा आलं. मष्णूच्या कॉम्प्युटरला मालाचं नाव टाकल्याशिवाय पावती काढता येईना. यादीत ऊस, वाळू, खडी आणि भुसा एवढेच पर्याय होते. मष्णूनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि बटण दाबलं. माझ्या वजनाचा पहिला आणि शेवटचा अधिकृत दाखला असा आहे: माल भुसा, निव्वळ वजन एकशे दहा किलो.

घरच्या काट्यावर मी एकशे चार होतो. मी मष्णूला तसं म्हणालो.

"ह्यो धाच्या पटीतच दावतोय, सर. धा किलो हिकडं तिकडं हुतंय. उसाच्या गाडीला काय फरक पडतोय?"

उसाच्या गाडीला पडत नसेल, पण मला पडत होता. मी आशुतोषला पावतीचा फोटो पाठवला आणि खाली खुलासा लिहायला घेतला. तो पुरा होईपर्यंत आशुतोषनं ती ग्रुपवर टाकलीही, आणि 'सर भुसा नाहीत, सोनं आहेत' असे एकेचाळीस संदेश आले. इतक्या प्रेमात सहा किलोंची दुरुस्ती कुठं घुसवायची ते मला समजलं नाही. पुढं सांगू, असं म्हणून मी तो खुलासा पुसला, आणि पुढचे तीन महिने ते सहा किलो माझ्या मनावर होते.

आता मी कमी व्हायला सुरुवात केली. पहाटे उठून खानापूर रस्त्यानं चालायचं ठरवलं. आमच्या भागात हायस्कूलचा मास्तर चालत जाताना दिसणं म्हणजे काहीतरी संकट. पहिल्या दिवशी चार मोटारसायकली, एक टेम्पो आणि एक दुधाची गाडी थांबली. "सर, गाडी बंद पडली व्हय? बसा की." नको म्हटलं की त्यांना वाईट वाटायचं, वजन कमी करतोय म्हटलं की ते माझ्याकडं नीट बघून, "मग चला, चला," म्हणायचे, आणि त्याचं मला वाईट वाटायचं. पहिल्या आठवड्यात मी दोन किलोमीटर चाललो आणि अकरा किलोमीटर लिफ्टनं गेलो. दुधाच्या गाडीवाल्यानं तर मला एकदा घरपोच सोडून वर अर्धा लिटर दूधही दिलं.

तरी महिनाभरात चार किलो उतरले. आणि मग एका रविवारी गुंडूअण्णा पेढे घेऊन आला.

"दाजी, तुमचं काम फत्ते! संकेश्वरात आण्णाप्पा म्हणून गुळाचा व्यापारी हाय. लई मोटा माणूस. त्येला तुमची पावती दावली. पोरीसाटी वजनावर देणगी गोळा करालाय म्हटल्यावर तेनं जागेवर शब्द दिला. तुमची तुला करनार!"

या ठिकाणी थोडं थांबून आमच्या मुलखाविषयी सांगायला हवं. वजन आणि देणगी हे दोन शब्द एका वाक्यात आले की आमच्याकडं त्याचा अर्थ एकच होतो. मोठ्या तराजूच्या एका पारड्यात माणूस बसतो, दुसऱ्यात त्याच्या भाराइतका गूळ. मग तो गूळ देवाचा प्रसाद म्हणून ढेपेढेपेनं लिलावात बोलायचा आणि आलेला पैसा चांगल्या कामाला द्यायचा. माणूस जेवढा जड, तेवढ्या ढेपा जास्त. कमी होणाऱ्या वजनावर कुणी पैसे देत असेल, ही कल्पनाच गुंडूअण्णाच्या डोक्यात शिरली नव्हती. घटत्या मालाला भाव मिळतो हे कुठल्या शेतकऱ्यानं ऐकलंय?

"अण्णा, अरे हे बारीक व्हायलेत," कल्याणी म्हणाली.

"बारीक? आन कशाला? एकशे दहाची पावती हाय की हातात! आण्णाप्पा अकरा ढेपा बोलून बसलाय. हँडबिलं छापलीत. निपाणीपतोर वाटलीत."

त्यानं खिशातून हँडबिल काढलं. 'एकशे दहा किलो गुळाची भव्य तुला.' खाली बारीक अक्षरात माझं नाव, त्याच्याही खाली स्वरालीचं. तारीख फेब्रुवारीची, दोन तारखेची. आशुतोषच्या बॅचनं शेवटच्या वजनासाठी ठरवलेलाही तोच रविवार होता.

मी कागद घेऊन बसलो. दहा किलो कमी झालो तर बॅचकडून अकरा हजार वाढतात. दहा किलो कमी झालो तर एक ढेप कमी होते. लिलावात ढेप किती जाईल? गुंडूअण्णा म्हणाला, "धा-अकरा हजार कुटं गेलं न्हाईत." मी दोन्ही बाजू मांडल्या आणि उत्तर काढलं. शून्य. मी बारीक झालो काय आणि जाडा राहिलो काय, स्वरालीला दमडीचा फरक पडत नव्हता. सव्वीस वर्षं मी मुलांना सांगत आलोय की गणित माणसाला योग्य निर्णय घ्यायला मदत करतं. त्या रात्री मी जेवावं की नाही, हेसुद्धा मला गणितानं सांगितलं नाही.

त्यानंतरच्या दिवसांचं वर्णन करणं अवघड आहे. पुण्याहून दर सोमवारी आहाराचा तक्ता यायचा, भिजवलेले मूग, काकडी, ताक. संकेश्वरहून दर गुरुवारी आण्णाप्पांचा माणूस यायचा, खव्याचा गोड कुंदा, लोणी आणि काकवीची कळशी घेऊन. सोबत निरोप, गुरुजींची काळजी घ्या. कल्याणीनं स्वयंपाकघरात दोन फळ्या केल्या. एक कमी व्हायची, एक न व्हायची. सोमवार ते बुधवार मी पहिल्या फळीवर जगत असे, गुरुवारी आण्णाप्पांच्या माणसासमोर, तो मालकाला जाऊन सांगेल म्हणून, चार घास कुंदा खावाच लागे. मारुतीरावांचा सल्ला होता की दोन्ही पक्षांना हवं ते तोंडावर सांगावं आणि तारीख पडेपर्यंत स्वस्थ बसावं. कोर्टात यानं माणसं आयुष्य काढतात म्हणे.

निदान एका बाजूला तरी फोन करून सगळं स्पष्ट करायला हवं होतं, हे मलाही कळत होतं. मी दोनदा आण्णाप्पांना फोन केला. ते पहिल्याच वाक्याला म्हणायचे, "गुरुजी, पोरीचं काय म्हणतंय?" आणि मग माझ्याच्यानं पुढं बोलवत नसे.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. जानेवारीत स्वरालीला रक्त चढवायला नेलं तेव्हा नर्सला शीर सापडेना. तीन ठिकाणी टोचलं. स्वराली रडली नाही. तिनं सवयीनं दुसरा हात पुढं केला. आठ वर्षांच्या पोरीला या गोष्टीची सवय असू नये. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो आणि ठरवलं की एक तर एक, पण काहीतरी पूर्ण करायचं. बारीक होणं माझ्या हातात होतं, जाड राहणं लोकांच्या. मी कुंदा बंद केला आणि लिफ्ट बंद केली. दुधाच्या गाडीवाल्याला हात जोडून सांगितलं की बाबा, मला न बघितल्यासारखं कर. गुरुवारचा डबा मारुतीरावांकडं जाऊ लागला. महिन्याभरात त्यांचं वजन तीन किलोंनी वाढलं. त्याची मात्र कुणी तुला केली नाही.

दोन फेब्रुवारीला आम्ही संकेश्वरला पोचलो तेव्हा आण्णाप्पांच्या दुकानापुढं, देवळाला लागून असलेल्या आवारात मंडप होता. मध्ये लाकडी तिकाटण्याला टांगलेला अवाढव्य तराजू, एका पारड्याशेजारी रचलेल्या अकरा पिवळ्याधमक ढेपा. दोनेकशे माणसं. शेवटच्या वजनासाठी आशुतोषलाही मी तिथंच बोलावलं होतं; तो पुण्याहून गाडी घेऊन आला होता, काखेत नवा काचेचा इलेक्ट्रॉनिक काटा. आण्णाप्पा पांढऱ्या धोतरात सामोरे आले, हात जोडले, मला बघितलं आणि त्यांचे हात तसेच राहिले.

"अय्यो शिवा! गुरुजी, हे काय करून घेतलासा? लई वाळलासा की! आजारी बिजारी हाय काय?"

"आजारी नाहीत, फिट झालेत!" आशुतोष म्हणाला आणि त्यानं काटा फरशीवर ठेवला. मी चढलो. नव्वद पूर्णांक सहा. "एकोणीस पूर्णांक चार किलो उतरले!" तो ओरडला. त्याच्या हातातल्या फोनमधून पुण्याची बॅच टाळ्या वाजवत होती. मंडपातली माणसं मात्र एकमेकांकडं बघू लागली. कुणाला तरी वाटलं मला क्षय झाला असावा. एक म्हातारी डोळ्याला पदर लावून म्हणाली, "पोरीच्या काळजीनं झुरला गं बापडा."

आण्णाप्पांचा चेहरा उतरला. "अकरा ढेपा बोललोय मी. निपाणीपतोर कागद वाटल्यात. आता नऊच बसत्यात. माझं नाक कापलंसा, गुरुजी."

तेवढ्यात माझ्यातला मास्तर जागा झाला. त्याला यापेक्षा वाईट वेळ सापडली नसती. मी म्हणालो, "मला एक दुरुस्ती सांगायची आहे. मी एकोणीस किलो कमी झालेलो नाही. उचगावकडचा काटा दहाच्या पटीत दाखवतो. मी मुळात एकशे चार होतो. कमी झालेत ते तेरा पूर्णांक चार."

कल्याणीनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की ते साडेसहा हजारांचं नुकसान नसून अर्ध्या जन्माचं असावं. आणि गुंडूअण्णा पुढं आला.

"दाजी, आमच्या काट्याला खोटा म्हणालाय? चार लोकांत? त्यो काटा सहा किलो खातोय म्हंता?"

"खात नाही रे, वाढवून दाखवतो..."

"गावाकडचं काटं असंच असत्यात," आण्णाप्पा शांतपणे म्हणाले. "म्हणून तर आमी आमच्या तराजूवर घेतो माल."

"तुमचा तराजू?" गुंडूअण्णाचा आवाज चढला. "व्यापाऱ्याचा तराजू कुटल्या शेतकऱ्यानं खरा म्हटलाय आजपतोर? त्या तराजूवर आमचं दाजी सत्तर भरतील!"

माझ्या मुलीच्या औषधपाण्याचा कार्यक्रम या टप्प्यावर संपला आणि ऊस विरुद्ध गूळ असा जुनाच कार्यक्रम सुरू झाला. दोन्हीकडची माणसं उठून उभी राहिली. आण्णाप्पांनी तराजूच्या दांडीवर हात ठेवला.

"माझ्या आज्याच्या वेळचा तराजू हाय ह्यो. खोटा म्हंतोस? माझा शब्द तरी खोटा न्हाय. अकरा बोललोय, अकराच घालणार. बसवा रे गुरुजींना!"

चौघांनी मला उचलून पारड्यात बसवलं. दुसऱ्यात ढेपा पडू लागल्या. नववीला माझं पारडं हललं, दहावीला मी जमिनीवरून सुटलो आणि अकरावीला ढेपांचं पारडं धाडकन खाली टेकलं, मी माणसांच्या डोक्याच्या उंचीवर जाऊन मांडी घातलेल्या अवस्थेत गोल फिरू लागलो. "उतरवा," मी म्हणालो. देवळाचा पुजारी म्हणाला, लिलाव होईपर्यंत उतरलात तर तुला मोडते. मग मी तसाच टांगून राहिलो. गोल फिरताना मला क्रमानं देऊळ, दुकान, कल्याणी, रस्ता आणि परत देऊळ दिसत होतं. माझे विद्यार्थी ते सगळं पुण्यात पाहत होते.

"पहिली ढेप!" पुजाऱ्यानं पुकारलं.

"पंदरा हज्जार!" गुंडूअण्णा गरजला. "उचगाव कवा मागं पडत न्हाय, बगून घे म्हणावं व्यापाऱ्यानं!"

"सतरा!" आण्णाप्पांच्या भावकीतून आवाज आला. "आमच्या तराजूवरचा गूळ ऊसवाल्यांच्या घरात जायचा न्हाय!"

पुढं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण अर्धा वेळ माझी पाठ होती. बोली वाढत होत्या एवढं ऐकू येत होतं. ज्यांना तराजू खोटा वाटत होता ते तो खोटा असल्याचं सिद्ध करायला बोलत होते, ज्यांना खरा वाटत होता ते खरा असल्याचं. मग आण्णाप्पांनी मोर्चा आशुतोषकडं वळवला. "पुण्याचं साहेब, तुमी कागद बगून एकोणीस किलोचं पैसे कबूल केलासा. आता गुरुजी खरं बोललं म्हणून तेरावर येणार? आमच्यात असल्याला काटा मारणं म्हंत्यात."

आशुतोष लाल झाला. वर माझ्याकडं बघून म्हणाला, "सर, सहामाहीत तुम्ही मला चौतीस गुणांवर ठेवलं होतं. एक गुण दिला नाहीत. वडिलांनी बडवलं होतं मला." मी हवेतूनच मान डोलावली. गुण बरोबर दिले होते. "बॅच आज तुम्हाला सहा किलोंचे ग्रेस देतेय. एकोणीस पूर्णांक चार. नाही, वीस!"

अकरावी ढेप गेली तेव्हा मला खाली घेतलं. पायांना मुंग्या आल्या होत्या, दोन माणसांनी धरून ठेवलं. कल्याणीनं पदरात घेतलेली रक्कम दोन लाखांच्या वर होती. गुंडूअण्णा आणि आण्णाप्पा एकमेकांशी बोलत नव्हते, पण दोघांनी वेगवेगळं येऊन मला तेच विचारलं, "भरलं न्हवं? पोरीचं भरलं न्हवं?" मी हो म्हणालो. हे पैसे मी बारीक झालो म्हणून आले, जाड होतो म्हणून आले, खरं बोललो म्हणून आले की तुटेपर्यंत भांडण लागलं म्हणून आले, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. मी कुणाचे आभार कशाबद्दल मानायचे हे न कळल्यामुळं सगळ्यांच्या पाया पडलो. त्यात पुजाऱ्याच्या नादात तराजूच्याही पडलो.

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही बेंगळुरूला गेलो. मधुवंती खिडकीशी बसून पुस्तक वाचत होती, तिला आपल्या शरीरातून काय काढणार ते सगळं माहीत होतं आणि ती आमच्यापेक्षा शांत होती. भरती करण्याआधी नर्सनं स्वरालीला वजनकाट्यावर उभं केलं. औषधाचं प्रमाण त्यावर ठरतं. आकडा आला आणि नर्सनं कागदावर लिहिला. मागच्या वेळेपेक्षा पाऊण किलो जास्त होता. कल्याणीनं माझा हात दाबला.

स्वराली काट्यावरून उतरली नाही. तिनं तो आकडा वाकून पुन्हा वाचला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि माझ्याकडं पाहिलं. तिच्या कपाळाला आठ्या होत्या.

"बाबा, तुमचे तेरा किलो गेले ना?"

"हो."

"मग माझ्यात पाऊणच कसा आला? बाकीचे मध्ये कुणी खाल्ले?"

मला कळायला क्षणभर लागलं. चार महिने घरात, फोनवर, रस्त्यात प्रत्येक जण एकच वाक्य बोलत होता, की बाबा वजन कमी करतात ते स्वरालीसाठी. आम्ही सगळे त्या वाक्याचा अर्थ लावत गरगरत होतो. तिनं तो पहिल्याच दिवशी सरळ लावला होता. माझं जेवढं जाईल तेवढं तिला मिळणार. म्हणून ती रोज रात्री मला घरच्या काट्यावर चढायला लावायची, आणि म्हणून मी कुंदा खाल्लेल्या गुरुवारी ती माझ्याशी बोलायची नाही. मला वाटायचं, तिला कुंदा हवा असतो.

कल्याणी तोंड फिरवून खिडकीपाशी गेली. नर्सला मराठी येत नव्हतं, ती नुसती हसत उभी होती. मी खाली बसलो. आता गुडघे मोडून बसायला मला त्रास होत नाही.

"कुणी नाही खाल्ले," मी म्हणालो. "राहिलेले हळूहळू येणार आहेत. इथून घरी गेलो की."

"सगळे?"

"सगळे."

"नक्की?"

सव्वीस वर्षांत मी उत्तर पडताळून बघितल्याशिवाय एकदाही बरोबरची खूण केलेली नाही. मी म्हणालो, "नक्की."